'ऑस्ट्रियाचा मल्ल्या' म्हणे!

मा. संपादक,
स. न.

रविवारच्या पुरवणीतला 'रेड बुल' या पेयाचे जनक-मालक डिट्रिश माटेशित्झ यांच्यावरचा लेख वाचला. फोटो झकास, मांडणीही चांगली. पण मधल्या चौकटीत 'ऑस्ट्रियाचा मल्ल्या' असे ठळक अक्षरांत छापताना आपल्या कचेरीत कोणीच हरकत घेतली नाही? दोघांनी पेये विकली, दोघांनी फॉर्म्युला वनचे संघ घेतले. साम्य तिथेच संपले.

मल्ल्यांना खाली ओढायचे नाही. हा गृहस्थ तरुणपणी चेन्नईजवळच्या शोलावरमच्या ट्रॅकवर स्वतः शर्यतीत उतरला होता. 2009 मध्ये बेल्जियममधल्या स्पाच्या शर्यतीत त्यांच्या फोर्स इंडिया संघाचा चालक फिसिकेला पोलवरून, म्हणजे सगळ्यांच्या पुढून, सुटला आणि संघाला दुसरा क्रमांक मिळाला, तेव्हा आमच्या घरी पेढे आले होते. पण ऑक्टोबर 2012 मध्ये त्यांच्या किंगफिशर विमान कंपनीचा परवाना स्थगित झाला, कर्मचाऱ्यांचे महिनोन् महिन्यांचे पगार थकले होते आणि त्याच महिन्यात साहेबांचा संघ दिल्लीजवळच्या बुद्ध सर्किटवर धावत होता. तेव्हा पेढ्यांची चव गेली ती गेलीच.

माटेशित्झ टूथपेस्टच्या कंपनीत नोकरी करणारे. चाळिशीला आल्यावर, 1984 मध्ये त्यांनी थायलंडच्या चालिओ यूविद्यांबरोबर भागी केली, दोघांनी पाच-पाच लाख डॉलर घातले. हिस्सा 49-49 टक्के आणि उरलेले दोन टक्के चालिओंच्या मुलाकडे. कंपनी शेअर बाजारात कधीच नेली नाही. (ते पेय मला स्वतःला खोकल्याच्या औषधासारखे लागते, पण तो मुद्दा वेगळा.) 2004 मध्ये फोर्डकडून जग्वार संघ एका डॉलरला घेतला, हे आपल्या लेखकाला 'स्वस्तातला सौदा' वाटते. अहो, हत्ती फुकट मिळाला तरी त्याला पोसायचे कोणी? पहिली शर्यत जिंकायला 2009 उजाडले!

आणि ज्या गोष्टीवर अख्खे पान लिहायला हवे होते, तिला आपण एक ओळ दिलीत. ती म्हणजे पोरे हेरून, पैसे घालून त्यांना वर आणणे. जगज्जेता वेटेल रेड बुलच्या या ज्युनियर संघातूनच आला. आपल्या मुंबईचा जेहान दारूवाला 2020 मध्ये त्याच ज्युनियर संघात होता, त्याचे नाव लेखात औषधालाही नाही. त्याला फॉर्म्युला वनची जागा मिळाली नाही हे खरे, तिथे नापास होणाऱ्याला दया दाखवत नाहीत. आता प्रामाणिकपणे सांगायचे तर जेहानला लहानपणी आधी निवडले ते मल्ल्यांच्याच संघाच्या शोधमोहिमेने. लेखकाला तुलना करायचीच होती, तर ती इथे करायची होती.

हे एवढ्या तावातावाने लिहितोय, कारण माझा पुतण्या कार्टिंग करायचा. हात चांगला होता, असे जाणकार सांगत. पण टायर, इंजिन, बाहेरगावच्या स्पर्धेचा प्रवास, सगळे आमच्या भावाच्या पगारातून. शेवटी मी आमच्या भागातल्या एका कोल्ड्रिंकच्या एजन्सीवाल्याकडे गेलो. फाइल नेली, फोटो नेले. त्याने चहा पाजला, फाइल न उघडताच बाजूला सारली आणि म्हणाला, "काका, गाडी भुंगाट पळत्या, आमचं नाव वाचायचं कवा? त्यापेक्षा मंडळाच्या कमानीवर देतो की, अकरा दिस अख्खी पेठ बघतीया." तरी मोकळ्या हाताने पाठवले नाही. दोन क्रेट बाटल्या दिल्या आणि एक फ्लेक्स. फ्लेक्सवर त्याचा आणि त्याच्या मुलाचा फोटो, खाली 'वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा'. तो आम्ही स्पर्धेच्या जागी लावावा, अशी अपेक्षा होती. लावला. वाढदिवस कुणाचा, असे आयोजक मला दोनदा विचारून गेले. पुतण्या आता चाकणला नोकरी करतो. गाडी चालवतो ती कंपनीच्या पार्किंगपर्यंत.

एजन्सीवाल्यावर राग नाही. त्याच्या हिशोबाने त्याचे बरोबरच होते. राग याचा आहे की, साखरेच्या पाण्यातून मिळालेला पैसा कारच्या बोनेटवर नुसते नाव रंगवण्यात न घालवता एका माणसाने ऑस्ट्रियाच्या स्टायरिया प्रांतातला बंद पडलेला ट्रॅक 2011 मध्ये पुन्हा उभा केला, दोन-दोन संघ चालवले आणि आपण त्याला 'श्रीमंतांचा छंद' असे उपशीर्षक देऊन मोकळे झालात. ऑक्टोबर 2022 मध्ये माटेशित्झ गेले आणि दुसऱ्याच दिवशी अमेरिकेत ऑस्टिनच्या शर्यतीत त्यांच्या संघाने संघांचे विजेतेपद पटकावले. तेव्हा आपल्या क्रीडा पानावर काय होते ते मी कात्रणांत शोधले. कबड्डीच्या बातमीखाली चार ओळी होत्या.

जाता जाता आणखी एक. रविवारी रात्री संपलेल्या शर्यतीचा निकाल आमच्या आवृत्तीत मंगळवारी येतो आणि तोही पहिल्या तिघांपुरता. शहर आवृत्तीला सोमवारी मिळतो म्हणे. वर्गणी मात्र दोघांची सारखीच आहे. याचा खुलासा वितरण विभागाकडे मागितला, तर त्यांनी मला एका कॅलेंडरची योजना सांगितली.

आपला,
एक जुना वर्गणीदार,
राजारामपुरी, कोल्हापूर