पहिल्या गिटारला ट्रेमोलो कशाला?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पहिली इलेक्ट्रिक गिटार घेणारी मुले आणि त्यांचे पालक यांच्यासाठी आपल्या पुरवणीत आलेला लेख वाचला. त्यातील बराचसा सल्ला उपयुक्त आहे. मात्र त्याच किमतीत ट्रेमोलो, म्हणजे दांडी दाबून सगळ्या तारांचे सूर खाली-वर करता येणारा हलता ब्रिज, मिळत असेल तर तो सोडू नये, नको वाटल्यास दांडी काढून ठेवता येते, हे त्यातील म्हणणे एक गिटारशिक्षक म्हणून मला मान्य होण्यासारखे नाही. दांडी काढली तरी ब्रिज (तारा ज्यावर टेकतात ती गिटारीच्या अंगावरची घोडी) स्प्रिंगांवर तोललेलाच राहतो आणि नवशिक्याला जो जाच होतो तो या तोलाचा असतो.

टेलिकास्टर किंवा लेस पॉल या प्रसिद्ध नमुन्यांच्या धर्तीच्या गिटारीवर ब्रिज लाकडाला पक्का बसवलेला असतो. याउलट गिटारनिर्माते लिओ फेंडर यांनी 1954 साली स्ट्रॅटोकास्टर या गिटारीवर आणलेल्या रचनेत, आणि आज बाजारातील असंख्य स्वस्त गिटारींवर तिचीच नक्कल असते, ब्रिजची पट्टी पुढच्या कडेने स्क्रूंवर टेकलेली असते व गिटारीच्या पाठीतील पोकळीत बसवलेल्या तीन ते पाच स्प्रिंगा तिला तारांच्या विरुद्ध ओढून धरतात. नेहमीच्या दहा नंबरच्या (सर्वांत बारीक तार 0.010 इंच जाडीची) सहा तारांचा मिळून ताण सुमारे 45 किलो भरतो. आता एका तारेचा सूर पिळून चढवला की हा ताण वाढतो, ब्रिज किंचित पुढे झुकतो आणि उरलेल्या पाचही तारा थोड्या उतरतात. त्या लावाव्यात तर पहिली पुन्हा उतरलेली असते. सरावलेला वादक दोन-तीन फेऱ्यांत गिटार लावून मोकळा होतो. शिकणाऱ्या मुलाचा कान अजून तयार झालेला नसतो, त्यामुळे दोष वाद्याचा आहे हे त्याला कळत नाही. आपल्यालाच सूर समजत नाही असे तो धरून चालतो, आणि माझ्या मते सर्वांत मोठे नुकसान हेच आहे.

वाजवतानाही तेच. एक तार बोटाने ओढून शेजारची तशीच धरायची असेल, तर ती शेजारची उतरते. सहावी तार ‘ई’वरून ‘डी’वर आणली की बाकीच्या चढतात. कार्यक्रमात एखादी तार तुटलीच, तर उरलेल्या सगळ्याच चढतात आणि ते गाणे तिथेच आटोपते. पक्क्या ब्रिजवर पाच तारांवर निदान शेवट तरी गाठता येतो.

स्वस्त गिटारीत भर पडते ती सुट्या भागांच्या दर्जाची. दांडीचे आटे लवकर झिजून ती लुळी पडते, आणि नटाच्या (खुंट्यांजवळच्या, तारा अलग ठेवणाऱ्या पट्टीच्या) खाचा नीट कापलेल्या नसतील तर दांडी दाबून सोडल्यावर तार खाचेत अडकते व मूळ सुरावर परत येत नाही. खुंटी फिरवताना ‘टिंग’ असा आवाज आला, तर हाच दोष समजावा. खाचेत पेन्सिलीचे शिसे घासल्याने पुष्कळदा काम भागते. फ्लॉइड रोज नावाच्या ट्रेमोलोत तारा दोन्ही टोकांना आवळून हा प्रश्न सोडवलेला आहे, परंतु तार बदलायला पाना हाताशी लागतो आणि तोलाचा प्रश्न तसाच राहतो. शाळकरी मुलाच्या हाती ते प्रकरण देऊ नये.

ट्रेमोलोला कमी लेखण्याचा माझा हेतू नाही. विख्यात रॉक गिटारवादक जेफ बेक यांनी दांडी हातात खेळवत जे स्वर गायल्यासारखे काढले, ते पक्क्या ब्रिजवर निघणारच नाहीत. तथापि मींड काढण्यासाठी ट्रेमोलो हवाच, असे काही विद्यार्थी सांगतात त्यात तथ्य नाही. सतारीप्रमाणे तार बोटाने ओढून घेतलेली मींड पक्क्या ब्रिजवर उत्तम निघते. शिवाय खुद्द फेंडर कंपनीही सुरुवातीपासून स्ट्रॅटोकास्टर विनाट्रेमोलो देत असे.

ज्यांच्या घरी ट्रेमोलोची गिटार आधीच आली आहे, त्यांनी ती बदलण्याची गरज नाही. तारा थोड्या सैल करून पाठीवरचे झाकण काढावे, स्प्रिंगा पाच कराव्यात आणि त्या जिला अडकवलेल्या असतात त्या पोकळीतील पट्टीचे दोन्ही स्क्रू, तारा पुन्हा सुरात लावल्यावरही ब्रिज अंगाला सपाट टेकून राहील इतके आवळावेत. नामवंत गिटारवादक एरिक क्लॅप्टन तर आपल्या स्ट्रॅटोकास्टरमध्ये लाकडाचा ठोकळा बसवून ब्रिज जखडूनच टाकतात. ब्रिज खाली बसल्याने तारांची उंची बदलते, तेवढी मात्र जाणकाराकडून पाहून घ्यावी.

पुरवणीच्या पुढील अंकात दांडीविषयीच्या त्या सल्ल्याची दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक गिटारशिक्षक, ठाणे