मार्लबरोचा बुधवार आणि आमचा शुक्रवार

संपादक महाशय, नमस्कार.

गेल्या महिन्यात एका लग्नाच्या पंगतीत आपल्या गोव्यातल्या म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराचा विषय निघाला. एक गृहस्थ म्हणाले, आता कशाला हवाय तो बाजार, ट्रॅफिक जाम होतो, पावसात चिखल होतो, भाजी तर दारावर येते आणि बाकीचं मोबाईलवर मिळतं, तो एकदा उठवून बाहेर कुठेतरी नेऊन टाकला की शहर मोकळं होईल. चार जणांनी माना डोलावल्या. मी तेव्हा काही बोलले नाही, पण घरी आल्यापासून ते डोक्यातून जात नाही म्हणून हे पत्र लिहायला बसले.

माझा मुलगा इंग्लंडला स्विंडनला असतो. स्विंडन म्हणजे काय हे आता गोव्यात कुणाला सांगावं लागत नाही, कितीतरी घरांतली मुलं तिथे कामाला आहेत. सुनेच्या बाळंतपणासाठी मी ऑगस्ट ते ऑक्टोबर तिथे राहिले. शेजारी साळगावची एक मुलगी राहते, ती एका बुधवारी म्हणाली, काकी चला, घरात बसून कंटाळाल, तुम्हाला इथला म्हापसा दाखवते. आणि मला बसमध्ये घालून मार्लबरोला घेऊन गेली.

स्विंडनपासून १७-१८ किलोमीटरवर, केनेट नदीच्या काठचं हे गाव. लोकवस्ती नऊ हजारांच्या आसपास, म्हणजे म्हापशाच्या पाव भागाएवढं सुद्धा नाही. पण त्याचा मेन रोड, ते त्याला हाय स्ट्रीट म्हणतात, तो एवढा रुंद की मी बघतच राहिले. एका टोकाला सेंट पीटर चर्च, दुसऱ्या टोकाला टाऊन हॉल आणि त्याच्या मागे सेंट मेरी चर्च, आणि मधल्या त्या रुंद रस्त्यावर बाजार भरलेला. भाजी, पाव, चीज, फुलझाडांची रोपं. एका बाजूला दुकानांच्या पुढे खांब घालून वरचा मजला पुढे काढलाय, त्यामुळे पाऊस आला तरी माणसं खालून कोरडी चालतात, अगदी आपल्या जुन्या घरांच्या सोप्यातून चालल्यासारखं वाटलं मला.

आता खरी गोष्ट. हा बुधवारचा आणि शनिवारचा बाजार तिथे कधीपासून भरतो माहीत आहे? १२०४ साली जॉन राजाने या गावाला सनद दिली, त्यात बुधवार आणि शनिवार असे दोन बाजाराचे वार लिहून दिले, आणि १४ ऑगस्टपासून आठ दिवसांची जत्रा. १४ ऑगस्ट का, तर १५ला सायबिणीचं, म्हणजे मारिया मातेचं, फेस्त, ते आपल्याकडेही असतं. ती ऑगस्टची जत्रा राहूदे, पण बाजाराचे वार आजही तेच आहेत, बुधवार आणि शनिवार. आठशे वर्षं! मधे राजे किती आले गेले, लढाया झाल्या, १६४२ साली राजा आणि पार्लमेंट यांच्या लढाईत राजाच्या सैन्याने हे गाव हल्ला करून घेतलं, आणि तरी बाजाराचा वार हलला नाही. मला हे ऐकून अंगावर काटा आला कारण आमच्याकडे पोर्तुगीज आले आणि गेले तरी शुक्रवार तो शुक्रवारच राहिला ना.

बाजार भरवणं म्हणजे त्या काळी तिथे कायद्याने दिलेला हक्क होता. तेराव्या शतकातल्या ब्रॅक्टन नावाच्या कायदेपंडिताचा एक नियम सांगतात, की एका बाजाराच्या सहा आणि दोन-तृतीयांश मैलांच्या आत दुसरा नवा बाजार सुरू करू नये. हा आकडा कुठून आला बघा. माणूस दिवसाला वीस मैल चालतो असं धरायचं, त्याचे तीन भाग करायचे, एक भाग जायला, एक भाग बाजारात विकायला-घ्यायला, आणि एक भाग उजेड असताना घरी परत यायला. म्हणजे कायदा करणाऱ्याने डोक्यावर ओझं घेऊन चालणाऱ्या माणसाचा विचार केला होता. माझी आजी मयड्याहून केळ्यांची पाटी डोक्यावर घेऊन पहाटे निघायची, म्हापशाला विकून, सुकं नुस्तं (मासळी) आणि मीठ घेऊन दिवेलागणीच्या आत घरी. तिला ब्रॅक्टन कोण हे कुठून माहीत असणार, पण हिशोब तोच. आणि आपल्याकडे सुद्धा वार कसे वाटून घेतलेत, साखळीचा सोमवार, वाळपईचा मंगळवार, डिचोलीचा बुधवार, बाणस्तारीचा गुरुवार, म्हापशाचा शुक्रवार, एकाचा दुसऱ्याला अडथळा नको म्हणून. हे कुणी ऑफिसात बसून आखलेलं नाही, विकणाऱ्या माणसांच्या पायांनी ठरवलंय.

मार्लबरोवर मोठं संकट आलं ते २८ एप्रिल १६५३ला. एका चामडं कमावणाऱ्याच्या आवारात आग लागली, घरं सगळी गवताने शाकारलेली, बघता बघता अडीचशेच्या आसपास घरं गेली, सेंट मेरी चर्च जळलं, गावाची कचेरी जळली. तेव्हा क्रॉमवेलची राजवट होती, गाव परत उभारायला देशभर वर्गणी काढली गेली. विचार करा, उठून दुसरीकडे जायला यापेक्षा चांगलं कारण मिळालं नसतं. पण त्याच जागी घरं बांधली आणि बाजार त्याच रस्त्यावर. १६७९ला परत आग, १६९०ला परत, आणि मग कुठे पार्लमेंटने कायदा करून या गावात छपराला गवत घालायला बंदी केली. पहिल्या आगीनंतर एका रेशमाच्या व्यापाऱ्याने बांधलेलं घर आता म्युझियम केलंय, तिथे एका खोलीच्या भिंतीवर पट्टे रंगवलेत, रेशमी कापड टांगल्यासारखे. व्यापाऱ्याने आपला माल भिंतीवर रंगवून ठेवला, मला ती खोली फार आवडली.

गावात आणखीही पुष्कळ आहे. कॉलेजच्या आवारात एक मातीची टेकडी आहे, किल्ल्यासाठी घातलेली असं समजत होते, तपासल्यावर कळलं की ती इसवी सनापूर्वी २४०० च्या सुमाराची. सेंट पीटर चर्चमध्ये १४९८च्या मार्चमध्ये वुल्सी नावाच्या माणसाला पाद्रीपद मिळालं, तोच पुढे आठव्या हेन्रीचा बडा कारभारी झाला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात वास्को द गामा कालिकतला उतरला, हे मला तिथेच उभी असताना सुचलं. १२६७ साली इथल्याच किल्ल्यात एक कायदा झाला, त्यात लिहिलंय की देणं वसूल करायला कुणी कोर्टाला बाजूला ठेवून स्वतःच माणसाची वस्तू उचलून न्यायची नाही, आणि त्यातली काही कलमं आजही लागू आहेत. बाजाराच्या गावात असा कायदा व्हावा हे मला अगदी बरोबर वाटलं, जिथे उधारी तिथेच भांडण.

ऑक्टोबरमध्ये त्याच रस्त्यावर दोन जत्रा भरतात, लिटल मॉप आणि बिग मॉप. मॉप म्हणजे लादी पुसायचा तो मॉपच. पूर्वी वर्षाच्या नोकऱ्या इथे ठरायच्या, धनगर लोकरीचा झुपका लावून उभा राहायचा, मोलकरीण मॉप घेऊन, मालकाला पसंत पडलं की हातावर एक नाणं ठेवायचा, सौदा पक्का. आणि दुसरी जत्रा कशासाठी, तर ज्याचं पहिल्या मालकाशी पटलं नाही त्याला परत दुसरा मालक शोधायला. गरीब माणसाचीही केवढी सोय बघितली होती! आता तिथे पाळणे लागतात, पण त्यासाठी अख्खा मेन रोड बंद करतात, गाड्या फिरवून नेतात. ट्रॅफिक होतं म्हणून जत्रा उठवा, असं म्हणणारा मला तरी तिथे भेटला नाही. बोडगेश्वराच्या जत्रेची फार आठवण आली.

एक गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. मार्लबरोहून पुढे डिव्हायझेस म्हणून दुसरं बाजाराचं गाव आहे, गुरुवारचं. तिथे बाजारचौकात दगडावर कोरलेलं आहे की १७५३च्या जानेवारीत रूथ पिअर्स नावाच्या बाईने आणखी तिघींबरोबर वाटणीने गव्हाची गोणी घेतली, पैसे कमी भरले, रूथ म्हणाली मी माझे दिले, खोटं बोलत असेन तर इथेच मरू दे, आणि तशीच पडून मेली, पैसे तिच्याच मुठीत. गावाने ते कोरून ठेवलं. आमच्याकडे सांगतात की म्हापसा या नावातच माप आहे, माप भरायची जागा. माप नीट भरावं ही त्यांचीही काळजी आणि आमचीही.

म्हणून माझं म्हणणं एवढंच, की बाजार हलवायचा विचार करू नका, बाजार नीट करा. बसणाऱ्या बायकांच्या डोक्यावर छप्पर द्या, प्लास्टिक धरून त्या पावसात बसतात ते बघवत नाही. पाणी द्या, शौचालय द्या, गावातून आलेल्या पाटीवालीची जागा तिच्यासाठीच ठेवा. मिलाग्र सायबिणीच्या फेस्ताला पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीची, खरेदी, चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीचं सामान, हरमलची मिरची, चोरीस, मातीची बुडकुली, हे सगळं एका जागी मिळतं ते शेकडो लोक पिढ्यानपिढ्या तिथेच येत राहिले म्हणून. बाहेर नेऊन टाकलं तर दुकानदार जातील कदाचित, पाटीवाली जाणार नाही, ती घरी बसेल. मार्लबरोला आग लागून सुद्धा जे हललं नाही ते आपण पार्किंगसाठी हलवायचं का?

आणि तुमच्याकडे एक विनंती आहे. तुमच्या पेपरचा एक वार्ताहर शुक्रवारी पहाटे साडेपाचला बाजारात पाठवा. पाट्या उतरतात त्या वेळी एकेका बाईपाशी बसून विचारा, कुठल्या गावची, काय आणलंय, तिच्या आईची जागा कुठे होती, आजीची कुठे, आणि दर शुक्रवारी एकीचं छापा. त्यांच्याकडे राजाची सनद आहे म्हणून कुठे काय भरलं हे आठशे वर्षांनी सांगता येतं, आमच्याकडे लिहिलेलं काहीच नाही, जे आहे ते या बायकांच्या तोंडी आहे. लागलं तर मी येईन बरोबर. माझी आजी बसायची ती जागा मला अजून दाखवता येते, तिथे आता मयड्याचीच एक बाई केळी घेऊन बसते.

आपली,
बार्देशमधली एक वाचक