सरकारी पैसा मुलाच्या मागे जाऊ द्या

मा. संपादक, सप्रेम नमस्कार,

आरटीईची, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याखाली खासगी शाळांतल्या २५ टक्के जागा गरीब आणि वंचित मुलांना फुकट द्यायची सोडत लागली की चार दिवस बातम्या येतात, मग सगळं शांत. मी भोसरीत ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचं काम करतो, हा प्रकार दरवर्षी जवळून बघतोय म्हणून लिहितोय.

फॉर्ममध्ये गूगल मॅपवरचा फुगा आपल्या घरावर नेऊन ठेवावा लागतो, त्यावरून शाळा किती लांब ते ठरतं आणि एक किलोमीटरच्या आतल्यांचा नंबर आधी लागतो. घरकाम करणाऱ्या एक ताई फुगा ठेवताना म्हणाल्या, दादा, जरा शाळेकडं सरकवा की. मी नाही सरकवला कारण पडताळणीत सापडलं तर अ‍ॅडमिशनच जातं, पण चूक त्यांची नाही ना, जिथं भाडं परवडलं तिथं त्या राहतात आणि त्यावर पोरीची शाळा ठरते, तीही सोडतीत नाव आलं तरच. वर दुर्बल घटकाला उत्पन्नाची अट वर्षाला १ लाख, म्हणजे महिन्याला साडेआठ हजार पण नाही. एमआयडीसीतल्या हेल्परला याच्यापेक्षा जास्त मिळतात, म्हणून तो काय श्रीमंत झाला का?

माझं म्हणणं एवढंच आहे की या मुलांच्या फीचा जो पैसा सरकार देतं तो शाळेच्या बिलावर न देता मुलाच्या नावावर व्हाउचर म्हणून द्या आणि आईबाप सांगतील त्या शाळेत ते चालू द्या. आत्ता शाळेला एका मुलामागे वर्षाला १७,६७० रुपये द्यायचं ठरलंय पण ते वेळेवर मिळत नाहीत, वर्षानुवर्षं थकतात, आणि मग काही शाळा तो राग पालकांवर काढतात, ही फी ती फी, पुस्तकं आमच्याकडूनच घ्या, सहलीला पैसे भरा. पालक गप्प बसतात, कारण त्यांच्या हातात काहीच नसतं. व्हाउचर हातात असेल तर पोराला उचलून दुसऱ्या शाळेत घालता येईल, आणि पोरगं गेलं की पैसाही गेला हे शाळेला कळेल.

२०२४ चं आठवतंय ना? फेब्रुवारीत सरकारनं नियम बदलला, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला २५ टक्क्यांतून सूट. मे महिन्यात हायकोर्टानं स्थगिती दिली, भरलेले फॉर्म परत नव्यानं भरावे लागले, लोक दाखल्यांच्या फायली घेऊन पुन्हा माझ्या दुकानात, आणि जुलैमध्ये कोर्टानं तो नियमच रद्द केला. पालकांना कुणी विचारलंच नव्हतं.

आंध्रात सोडतीनं व्हाउचर देऊन चार वर्षं अभ्यास झाला, तेलुगू आणि गणितात खासगीतली मुलं सरकारी शाळेतल्यांच्या बरोबरीला राहिली, हिंदीत पुढं गेली, आणि त्या खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारीच्या एक तृतीयांशापेक्षा कमी होता. म्हणजे खासगी म्हणजे आपोआप भारी असं नाही हे मला मान्य आहे, पण तेवढंच शिक्षण एवढ्या कमी पैशात होत असेल तर निवड पालकांना का नको?

झेडपीच्या शाळा ओस पडतील असं लोक म्हणतात. अहो, त्यांनाही व्हाउचर चालू द्या की. शिरूर तालुक्यातल्या वाबळेवाडीच्या झेडपी शाळेत घालायला बाहेरगावचे पालक रांगेत होते, चांगलं शिकवलं तर लोक इंग्लिश मीडियम सोडून पण येतात.

फक्त दोन अटी पक्क्या पाहिजेत, व्हाउचर घेणाऱ्या शाळेनं वरून एक रुपया घ्यायचा नाही आणि मुलं निवडून घ्यायची नाहीत, अर्ज जास्त आले तर सोडत. चिलीमध्ये १९८१ पासून व्हाउचर आहे, तिथं शाळांना वरून पैसे घ्यायची आणि मुलं निवडायची मोकळीक राहिली, गरिबांची आणि पैसेवाल्यांची पोरं वेगळी पडली आणि २०१५ मध्ये कायदा करून ही मोकळीक टप्प्याटप्प्यानं बंद करावी लागली. ती चूक आपण कशाला करायची.

शिक्षण खात्याला विनंती आहे, आधी शाळांची थकबाकी द्या, १ लाखाची अट वाढवा, आणि येत्या प्रवेशाला निदान एका तालुक्यात व्हाउचर चालू करून बघा.

आपला,
एक वाचक, भोसरी, पुणे