नुसतं ‘वा, मस्त’ नको, फोटो बघून बोला

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

तुमच्या रविवार पुरवणीत वाचकांनी काढलेले प्रवासाचे फोटो येतात ते मी आवर्जून बघतो, त्यात आमच्या इंदूरच्या आसपासचे म्हणजे महेश्वर, मांडव, पाताळपाणीचा धबधबा हे तर असतातच. फोटो चांगले असतात, पण त्यावर आपण एकमेकांशी जे बोलतो ना ते फार तोकडं असतं, म्हणून हे पत्र. आम्ही काही हौशी फोटोवाले महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो, आणि प्रत्येक फोटोला तेच, वा, मस्त, काय कलर आलाय, चला पुढचा. फार तर लेन्स कुठली ते विचारणार. अंधारात उठून मांडवला रूपमती मंडपापर्यंत गेलेल्या माणसाच्या पदरात यातून काय पडतं?

मागच्या वेळी एका ताईंनी महेश्वरचा किल्ला दाखवला, जून महिन्यात नावेतून काढलेला. भिंत काळपट, आभाळ पांढरंफटक. सगळे छान छान म्हणाले. एक काका मात्र बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, माझी नजर आधी पायऱ्यांवर वाळत घातलेल्या साड्यांकडे जातेय, तुम्हाला काय दाखवायचं होतं? ताई म्हणाल्या, किल्ला. तेव्हा काकांनी नीट समजावलं की किल्ला नर्मदेच्या उत्तर काठावर, नदीकडची भिंत दक्षिणेला, आणि आपण कर्कवृत्ताच्या अगदी जवळ, त्यामुळे जूनमध्ये सूर्य एकतर उत्तरेकडे कललेला नाहीतर थेट डोक्यावर, त्या भिंतीवर ऊन पडणार कुठून? डिसेंबर-जानेवारीत तो दक्षिणेकडून जातो, सकाळ-संध्याकाळ तिरपं ऊन दगडावरच्या कोरीव कामावर येतं, तेव्हा परत जा. आणि हाच फोटो ठेवायचा असेल तर वरचं आभाळ कापा, साड्यांनाच विषय करा, सावलीतला मऊ उजेड त्यांना शोभतोय. ताईंनी तिथल्या तिथे क्रॉप करून बघितला आणि खरंच वेगळाच फोटो निघाला हो!

मला असा अभिप्राय हवाय. आधी विचारा की तुला काय दाखवायचं होतं, मग बोला. कॅमेऱ्याचं शटर १/५०० सेकंदच उघडं ठेवलं तर धबधब्याचं पाणी थेंब थेंब दिसतं आणि अर्धा सेकंद ठेवलं तर दुधासारखं, दोन्ही बरोबर, काढणाऱ्याला कुठलं हवं होतं ते कळल्याशिवाय आपण काय सांगणार? क्षितिज वाकडं असेल, कडेला कुणाचा अर्धा हात आला असेल तर तेही सांगा, पण चारचौघांत टर उडवून नको, नवीन माणूस दुसऱ्यांदा येतच नाही. पाताळपाणीच्या निसरड्या कड्यावर उभं राहून काढलेल्या फोटोला मात्र कृपा करून टाळ्या वाजवू नका, जुलै २०११ मध्ये तिथे अचानक लोंढा येऊन माणसं वाहून गेली आहेत.

आणि हे इंदूर आहे, चित्रकलेच्या देवळालीकर मास्तरांकडे ना. श्री. बेंद्रे आणि एम. एफ. हुसेन हे चित्रकार याच गावात शिकले, इथे चित्र बघायला शिकवणारी माणसं आजही मिळतील. म्हणून विनंती आहे की पुरवणीतल्या फोटोखाली नाव-गाव छापता त्याला लागून एखाद्या जाणकाराच्या दोन-तीन ओळी छापा, नजर आधी कुठे गेली, काय जमलं, पुढच्या वेळी काय करून बघावं, एवढंच. पावसाळ्यातले फोटो आता येऊ लागतील, त्यांच्यापासूनच सुरुवात करता आली तर बघा.

आपला,
एक हौशी फोटोवाला, इंदूर