साडेबावीस तासांचा हिशेब

तीर्थरूप बाबा आणि सौ. आई यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर छोटीच्या पाळणाघराच्या फीचा आकडा ऐकून बाबा आधी गप्प झाले आणि मग म्हणाले, "यापेक्षा शाळेची फी परवडली!" मी तेव्हा ऑफिसच्या जिन्यात उभी होते, धड बोलता आलं नाही. म्हणून हे पत्र.

बाबा, तुम्ही जन्मभर पैपैचा हिशेब लिहिलात, तर आधी हिशेबच मांडते. मी आठला घर सोडते, छोटीची शाळा नऊला भरते. तीनला सुटते, मी परतते साडेसहाला. म्हणजे तिला पाळणाघरात ठेवायचे रोजचे साडेचार तास, आठवड्याचे साडेबावीस. कारखान्यात दिवसाला आठच तास काम, हे आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1919 मध्ये आपल्या पहिल्याच करारात लिहिलं. शाळेची घंटा मात्र अजून घरी कुणीतरी वाट बघत असणार असं धरूनच वाजते. आपल्या घरी ते कुणीतरी म्हणजे आई होती.

एवढे पैसे कशाचे, असं मीही पाळणाघरातल्या ताईंना विचारलं होतं, जरा तणतणतच. त्या म्हणाल्या, खोलीचं भाडं दिवसभराचं, मुलं येणार सकाळी तासभर आणि दुपारी तीन-साडेतीन तास. अशा तुकड्या-तुकड्यांच्या कामाला माणसं टिकत नाहीत. आणि एका बाईच्या हाती किती मुलं सोपवायची, याला मर्यादा असते. फीचा मोठा वाटा पगारातच जातो. त्यांचा स्वतःचा पगार किती, ते मी विचारलं नाही. चेहऱ्यावरून समजलं.

छोटी आजारी पडून घरी राहिली तरी त्या दिवसाचे पैसे लागतात, कारण जागा तिच्यासाठी राखलेली असते. पटतं, पण झोंबतं. शाळेच्या सुट्टीत तर पूर्ण दिवसाचे भरायचे. आम्ही दोघांनी आपापल्या रजा वेगवेगळ्या घेतल्या, एकत्र एकही दिवस काढला नाही, तरी सगळ्या सुट्ट्या भागत नाहीत.

शिवाय उशिराचा दंड. बाबा, यावर एक गंमत सांगते, तुम्हाला आवडेल. उरी नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी या दोघांनी इस्राएलमधल्या हैफा शहरातल्या 10 पाळणाघरांवर केलेला अभ्यास 2000 साली छापून आला. त्यांतल्या 6 ठिकाणी उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला. उशीर कमी व्हायच्या ऐवजी वाढला! आधी पालक ओशाळायचे, आता पैसे मोजून निवांत यायला लागले. पुढे दंड काढून टाकला, तरी उशीर काही कमी झाला नाही. मी अजून ओशाळणाऱ्यांतलीच आहे. मागच्या महिन्यात पोहोचले तेव्हा अर्धे दिवे मालवले होते, आणि छोटी पाठीला दप्तर लावून बाकावर बसली होती. "आई, मी शेवटची," एवढंच म्हणाली. दंडाची रक्कम मी पावती न बघताच भरली.

आत्या विचारते, "मग तुझ्या हातात उरतं काय?" खरंच फार उरत नाही. पण हा खर्च माझ्याच पगारातून का वजा करायचा? तुमच्या जावयांना हा प्रश्न आजवर एकानेही विचारलेला नाही. ही ओढाताण अजून चार-पाच वर्षांची. नोकरी सोडून नंतर परत गेले, तर माझ्या पायरीवर कुणीतरी दुसरंच उभं असेल.

आई, तू म्हणालीस, "आम्हीच येऊन राहतो, तेवढेच पैसे वाचतील." मागच्या वेळी महिनाभर तू हेच केलंस. घरी गेल्यावर गुडघ्यासाठी आठ आठवडे फिजिओथेरपी घेतलीस, आणि मला ते बाबांकडून समजलं. तू काहीच बोलली नाहीस, याचा राग माझ्या मनात अजून आहे.

तेव्हा या, जरूर या, पण पाहुण्यांसारखे या. दुपारी तीनला तुझी झोपायची वेळ असते, ती मोडू नकोस. बाबांना एखाद्या दिवशी नातीला शाळेतून आणावंसं वाटलं, तर खुशाल जाऊ देत. त्या दिवसाचे पैसे तसेही भरलेलेच असतात.

तुमची,
ताई