शेजारचं मेडिकल

पंचवटी, नाशिक
14 जुलै

प्रिय दिल्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "बाळ्या, तुमच्या धंद्यात असली माणसं मारणारी कुणी दिसतात का रे?" गिऱ्हाईक उभं होतं म्हणून मी हसण्यावारी नेलं. पण स्वतःच्याच पेशंटना मारणारा तो इंग्लंडचा डॉक्टर शिपमन तू डोक्यात सोडलास तो काही जाईना. इथे पावसाने उच्छाद मांडलाय, दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी, दुकानात चिटपाखरू नाही. चार दिवस काउंटरवर बसून त्याच्यावर मिळेल ते वाचलं. आमची ही म्हणते, औषधाच्या दुकानात बसून मढी कसली मोजताय!

तुला आकड्याने हादरवलं. कोर्टात 15 खून सिद्ध झाले, 2002 साली चौकशी आयोगाने 215 पक्के धरले आणि पुढे अंदाज अडीचशेच्या घरात गेला. मला मात्र वेगळंच काहीतरी टोचलं. मँचेस्टरजवळच्या हाइड गावात 1992 पासून त्याचा स्वतःचा दवाखाना होता, आणि त्याला लागूनच मेडिकल. ज्या डायमॉर्फिनने, म्हणजे जालीम वेदनाशामकाने, त्याने म्हाताऱ्याकोताऱ्या मारल्या, ते तिथून बिनबोभाट मिळत गेलं. कधी एखाद्या पेशंटच्या नावाने चिठ्ठी लिहायची आणि औषध स्वतःच न्यायचं. कधी कॅन्सरचा पेशंट गेला की घरात उरलेली अँप्युल्स "मी नष्ट करतो" म्हणून खिशात घालायची.

आता माझं दुकान आठव. डॉक्टरांचा जिना उतरला की समोर माझं काउंटर. चोवीस वर्षं त्यांच्या चिठ्ठ्यांवर माझं घर चाललंय, पोरीचं लग्नसुद्धा. त्यांचं अक्षर त्यांच्या बायकोला लागत नाही, मला लागतं. डोस जास्त वाटला तर मी वर फोन करतो, "साहेब, पाव की अर्धी?" पण हे औषध कशाला, असं मी एकदाही विचारलेलं नाही. कोण विचारतं?

बरं, हा शिपमन कोरा करकरीत होता असंही नाही. टॉडमॉर्डनला असताना तो स्वतःच पेथिडिन, म्हणजे नशा आणणारं वेदनाशामक, टोचून घ्यायचा, पेशंटच्या नावाने खोट्या चिठ्ठ्या लिहून. 1976 मध्ये त्याला दंड झाला. मेडिकल कौन्सिलने ताकीद देऊन सोडला, नाव काही काढलं नाही. पुढच्याच वर्षी हाइडमध्ये रुजू! अमेरिकेतल्या चार्ल्स कलेनचंही तसंच, तो पेशंट मारणारा नर्स. सोळा वर्षांत नऊ हॉस्पिटलं आणि एक नर्सिंग होम. संशय आला की तिथून जायचं आणि पुढच्या ठिकाणी नोकरी तयार. ब्याद टळली की झालं, शेजाऱ्याच्या दारात गेली तर शेजारी बघेल.

शेवटी शिपमनला धरलं कुणी? 1998 च्या मार्चमध्ये समोरच्या दवाखान्यातल्या डॉक्टर लिंडा रेनॉल्ड्स यांना खटकलं की दहनाच्या फॉर्मवर लागणारी दुसऱ्या डॉक्टरची सही मागायला हा फार वेळा येतो. अंत्यविधीवाल्या मॅसी कुटुंबालाही तेच दिसत होतं: बायका खुर्चीत बसलेल्या, अंगावर नीट कपडे, आणि डॉक्टर नुकताच येऊन गेलेला. जॉन शॉ नावाचा टॅक्सीवाला तर आपल्या गेलेल्या म्हाताऱ्या गिऱ्हाइकांची यादीच ठेवत होता. रेनॉल्ड्सबाईंच्या सांगण्यावरून पोलिसांनी चौकशी केली आणि महिन्याभरात गुंडाळली. त्यानंतर आणखी तिघी गेल्या. त्यातल्या शेवटच्या, 81 वर्षांच्या कॅथलीन ग्रंडी. त्यांचं मृत्युपत्र त्याने आपल्याच टाइपरायटरवर बनवलं, सगळं डॉक्टरच्या नावे. मुलगी नेमकी वकील निघाली, तिला ते खोटं असल्याचा संशय आला. दोनशे जीव पचवले आणि कागदावर घसरला. ऑगस्टमध्ये ग्रंडीबाईंना उकरून काढलं, तर शरीरात ते औषध सापडलं.

आपल्याकडे हा विषय निघाला की लोक लगेच वाईवर येतात. 2016 साली धोमला पुरलेली प्रेतं निघाली, नावापुढे डॉक्टर लावणाऱ्यावर सहा खुनांचा आरोप आला, वगैरे. त्यावर टीव्हीवाल्यांनी इतकं दळण दळलंय की मी लिहीत नाही.

एक गोष्ट मात्र तुला कधी सांगितली नव्हती. आठेक वर्षं झाली असतील. एका हॉस्पिटलचा वॉर्डबॉय माझ्याकडे दुखण्याच्या इंजेक्शनची चिठ्ठी घेऊन यायचा. दोनदा दिली. तिसऱ्या वेळी एच-वन रजिस्टरला, म्हणजे ठरावीक औषधांची विक्री लिहायच्या वहीत, नोंद करताना लक्षात आलं की पेशंट तीन, डॉक्टर एक, शाई तीच आणि तारखेवर खाडाखोड. तेव्हा मी काय केलं असेल? "माल संपलाय," म्हटलं. तो गेला. पंधरा दिवसांनी रविवार कारंज्याला दुसऱ्याच्या काउंटरवर उभा दिसला. गोळे कॉलनीत होलसेलवाल्या मित्राला सांगितलं तर तो म्हणाला, बरं केलंस, माल नाही म्हणायचं, वाद नको. ज्यांच्या लेटरहेडवर चिठ्ठी होती त्या डॉक्टरांना एक फोन करायला मला काय धाड भरली होती? इंजेक्शन तो स्वतःला टोचत होता की विकत होता, देव जाणे. रजिस्टर तीन वर्षं ठेवायचं असतं. मी ते अजून फेकलेलं नाही.

पण संशयाचंही दिल्या, काही खरं नसतं. हॉलंडमध्ये लुसिया डे बर्क नावाची नर्स. तिच्या ड्यूटीत पेशंट दगावतात, हा योगायोग असण्याची शक्यता 34 कोटी 20 लाखांत एक, असं कोर्टापुढे आलं. 2003 साली जन्मठेप. पुढे तो हिशेबच चुकीचा ठरला, आणि खून झाल्याचाही पुरावा नव्हता. 2010 मध्ये निर्दोष सुटली. मधल्या काळात तुरुंगात बाईला अर्धांगाचा झटका आला.

हे वाचल्याच्या दुसऱ्याच दिवशी आमच्या गल्लीतल्या आजी गेल्या. 91 वय, हृदय कधीचं थकलेलं, पायांवर सूज. अमरधामला त्यांची लेक म्हणाली, "डॉक्टर सकाळीच येऊन इंजेक्शन देऊन गेले होते हो." माझ्या पोटात खड्डा पडला. शपथ सांगतो. ज्या माणसाने माझ्या आईला शेवटचे सहा महिने घरी येऊन तपासलं, एक पैसा घेतला नाही, त्याच्याबद्दल!

घरी येऊन आंघोळ केली आणि दुकान उघडून बिलबुक काढलं. आदल्या संध्याकाळचं बिल होतं, माझ्याच अक्षरात: लॅसिक्स, दोन अँप्युल. लघवी होऊन सूज उतरायची ती. मीच दिली होती आणि मलाच आठवत नव्हतं. बिलबुक मिटतोय तोवर डॉक्टर जिना उतरून आले. छत्री झटकत म्हणाले, "काय शोधतोयस रे एवढं?"

"स्टॉक बघतोय," म्हटलं. मग पोऱ्याला हाक मारून दोन कटिंग सांगितले. चहा येईपर्यंत ते पुराबद्दल बोलत होते आणि मी त्यांच्या चपलांकडे बघत होतो.

वहिनींना नमस्कार. गणपतीत येणार असशील तर आधी कळव.

तुझा,
बाळ्या