अंगठा चालू ठेव

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

"अप्पा, गिटारवरची तुमची आवडती गाणी कोणती?" असं तू फोनवर विचारलंस, तेव्हा शेजारी आई भेंडी चिरता चिरता हसायली होती. नीट बोलताच आलं नाही. म्हणून हे पत्र.

पहिलं 'चुरा लिया है तुमने जो दिल को'. १९७३चा 'यादों की बारात'. तू म्हणशील, हे तर सगळेच सांगतात. सांगू देत. सुरुवातीला काचेची किणकिण आणि मग जी गिटार येते, ती भूपिंदर सिंग यांची. तेच, 'एक अकेला इस शहर में' गाणारे. गिटार हातात असलेला माणूस स्वतः गाणारा असला की कुठं थांबायचं ते त्याला कळतं. आशाबाईंसाठी किती जागा मोकळी सोडलीय बघ.

दुसरं बीटल्स या इंग्लिश बँडचं 'ब्लॅकबर्ड', १९६८चं. पॉल मॅकार्टनी, एक गिटार आणि पायाचा ठेका, एवढंच. हेडफोन लावून ऐक, ठेका स्पष्ट येतो. पोरवयात तो आणि बँडमधलाच जॉर्ज हॅरिसन, बाख या जुन्या जर्मन संगीतकाराची एक रचना गिटारवर बसवायची खटपट करायचे, त्यातून हे सुचलं असं तो सांगतो. अंगठा जाड तारेवर, तर्जनी बारीक तारेवर, आणि मधली 'जी' (G) सुराची तार न दाबता सारखी वाजत राहते. आपल्याकडं सप्ताहात विणेकरी बदलतो पण वीणा खाली ठेवत नाहीत, तशी ती तार. चाल कुठंही फिरून येऊ दे, ती जागची हलत नाही. इंग्रजी गाणं असूनही मला ते कधी परकं वाटलं नाही, ते यामुळंच.

तिसरं कॅन्सस बँडचं 'डस्ट इन द विंड', १९७७चं. बँडमधला गिटारवाला केरी लिव्हग्रेन नुसता बोटांचा सराव करत होता. बायकोनं ऐकलं आणि म्हणाली, याला शब्द लाव. (घरच्यांचं ऐकावं, हे आईला वाचून दाखवू नको.) २०१६च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं आपल्या लातूरला पाणी यायलं होतं, तेव्हा संध्याकाळी लाईट गेली की मी ओसरीवर हेच वाजवत बसायचो. सगळं धुळीसारखं उडून जाणार, हे त्यातलं म्हणणं मला पटत नाही. आपल्याकडं लोक धूळपेरणी करतात, पावसाआधी कोरड्या धुळीतच बी पेरतात, धुळीला घाबरून कसं चालेल? पण अंगठ्याची ती एका लयीतली चाल पटते. त्या दिवसांत तेवढंच झेपायचं.

बोटं तारेवरून सरकताना चर्र आवाज होतो ना, तो हल्ली रेकॉर्डिंगमधून पुसून टाकतात. मला तोच हवा असतो. आणि चार कॉर्ड धरून खराखरा हात मारला की सगळी गाणी एकसारखीच व्हायलीत, तसं तू करू नको. आधी अंगठा पक्का कर. 'ब्लॅकबर्ड' लगेच यायचं नाही, ते राहू दे. 'डस्ट'पासून सुरू कर, पण निम्म्या वेगानं.

होस्टेलच्या खिडकीत गिटार ठेवू नको. आपल्या कोरड्या उन्हानं लाकूड तडकतं. आणि सुट्टीला येताना एसटीत वरच्या रॅकवर टाकू नको, मांडीवर घेऊन बस. तारांचा नवा सेटही घेऊन ये, माझ्या पार गंजल्यात. पैसे पाठवतो.

तुझे,
अप्पा